डोळ्याचा पडदा पाहून रक्तवाहिन्यांचा आजार किती कळतो?

केतकी_ठाणे

नमस्कार मंडळी. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधी डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणी झाली. रिपोर्टवर लिहिलंय: दोन्ही डोळ्यांत धमन्या अरुंद, ए-व्ही निकिंग, उजव्या डोळ्यात एक कॉटन वूल स्पॉट. डॉक्टरांनी फिजिशियनच्या नावे चिठ्ठी दिली आणि बीपी, शुगर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी), लघवीतलं प्रोटीन पाहिल्याशिवाय तारीख देणार नाही म्हणाले.

सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. रोज सकाळी चालतात, जेवण मोजकं. "मला काही होत नाही" या एका वाक्यावर आजवर कधी बीपी मोजू दिलं नाही. काल शेजारच्यांचं मशीन आणून मोजलं तर १७०/१०० भरलं.

डोळ्याच्या डॉक्टरांना हे आत डोकावून कसं दिसलं? आणखी काय काय दिसतं तिथे? आणि हे बदल औषधाने जातात का? बीपीच्या प्रत्येक पेशंटचा पडदा दर वर्षी पाहायलाच हवा, असं माझं मत होत चाललंय. जाणकारांनी सांगावं.

झणझणीत

धागा बुकमार्क केलाय. आमच्या मातोश्रींचंही तेच वाक्य आहे, शब्द न् शब्द.

भिंग

केतकीताई, मी पडद्याचाच डॉक्टर आहे, नाशिकला. आधी तातडीचं सांगतो. फिजिशियनची भेट पुढच्या आठवड्यावर टाकू नका, उद्याच जा. नुसतं निकिंग असतं तर मी इतकी घाई केली नसती. कॉटन वूल स्पॉट आणि १७०/१०० एकत्र असल्यावर थांबण्यात अर्थ नाही.

आता का दिसतं ते. छोट्या धमन्या आणि शिरा कातडी न कापता इतक्या स्पष्ट दिसाव्यात अशी शरीरात दुसरी जागा नाही. पडद्याची मुख्य धमनी ज्या फाट्यातून निघते तो मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिडचा फाटा. त्यामुळे इथल्या वाहिन्यांचे हाल पाहिले की मेंदू, मूत्रपिंड आणि हृदयातल्या बारीक वाहिन्यांचा अंदाज येतो. अंदाज म्हणतोय, खात्री नाही.

पडद्यावर धमनी आणि शीर जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींचं बाहेरचं आवरण एकच असतं. बहुतेक वेळा धमनी वर, शीर खाली. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की धमनीची भिंत जाड आणि कडक होते आणि खालची शीर दबते, बागेतल्या पाण्याच्या नळीवर कुणी पाय ठेवावा तशी. त्यालाच निकिंग म्हणतात. भिंत आणखी जाड झाली की धमनीवर पडलेला उजेड तांब्याच्या तारेसारखा परततो, पुढे चांदीच्या. ही नावं पुस्तकातलीच आहेत, कॉपर वायर आणि सिल्व्हर वायर.

कॉटन वूल स्पॉट वेगळा. एखादी अगदी बारीक धमनी बंद पडली की तिच्या पुढच्या मज्जातंतूंमधली आतली वाहतूक अडते, तंतू फुगतात आणि कापसाच्या पुंजक्यासारखा पांढुरका डाग दिसतो.

म्हणून सासूबाईंच्या डोळ्यात दोन वेगवेगळ्या काळांतल्या गोष्टी दिसताहेत. निकिंग अनेक वर्षांत घडतं आणि बीपी आटोक्यात आलं तरी बहुतांशी राहतं. कापसाचा डाग हल्लीचा आहे. कारण दूर झालं तर काही आठवड्यांत विरतो. बीपीखेरीज मधुमेह, ल्युपससारखे आजार, मोठा ॲनिमिया, एचआयव्ही यांतही तो दिसतो, म्हणून बाकीच्या तपासण्या सांगितल्यात. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलंय.

केतकी_ठाणे

डॉक्टर, खूप आभार. उद्या सकाळची वेळ घेतली आहे. आजचं चालणं रद्द केल्याबद्दल रुसवा सुरू आहे, पण येतायत.

बखर

या विषयाचा इतिहास मला फार आवडतो. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली ऑफ्थॅल्मोस्कोपची, म्हणजे डोळ्याच्या आत पाहायच्या उपकरणाची, माहिती प्रसिद्ध केली. त्याआधी जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा कुणाला नीट दिसलाच नव्हता. बाहुली काळी दिसते, कारण आत गेलेला उजेड आला त्याच वाटेने परततो आणि पाहणाऱ्याचं डोकं नेमकं त्या वाटेत येऊन उजेड अडवतं. त्यांनी तिरक्या काचेवरून उजेड आत पाठवला आणि त्याच काचेतून पाहिलं.

बीपीमुळे पडद्यावर झालेल्या बदलांना ग्रेड देतात, त्याबद्दलही सांगतो. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे चार गट केले, त्यात पडद्यावर काय दिसतं याला मोठं स्थान होतं. पहिल्या गटातले सुमारे ७० टक्के रुग्ण ३ वर्षांनी जिवंत होते आणि चौथ्या गटातले, म्हणजे ज्यांच्या डोळ्यातल्या मज्जातंतूचं तोंडही सुजलं होतं असे, अवघे ६ टक्के. बीपीवर धड औषधंच नसलेला काळ तो.

फॅमिलीडॉक

बखर, छान. ते आकडे वाचून कुणी घाबरू नये म्हणून जोडतो: आज औषधं आहेत आणि चौथ्या गटातला रुग्ण वेळेवर दाखल झाला तर चित्र पार वेगळं असतं.

आता केतकीताईंच्या मताबद्दल. मी कोल्हापुरात जनरल प्रॅक्टिस करतो आणि माझं मत थोडं वेगळं आहे. सौम्य बीपी असलेल्या प्रत्येकाचा पडदा दर वर्षी तपासण्याने उपचारात फारसा फरक पडत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवरचे बदल, म्हणजे "धमन्या जरा अरुंद वाटतात", हे पाहणाऱ्यागणिक बदलतं. दोन चांगले डॉक्टर एकाच डोळ्याला वेगवेगळी ग्रेड देतात. शिवाय वयानुसारही धमन्या अरुंद होतात. युरोपच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पडदा पाहायला सांगितलाय तो १६०/१०० आणि त्यावरच्या बीपीच्या लोकांचा, आणि ज्यांना बीपीसोबत मधुमेहही आहे त्या सगळ्यांचा. मला हे पटतं. आमच्याकडे महिन्याचं औषध परवडावं म्हणून एक दिवसाआड गोळी घेणारे लोक आहेत. त्यांचा पैसा आधी गोळीवर जावा.

भिंग

डॉक्टरसाहेब, ग्रेडच्या अचूकपणाबद्दल सहमत. माझी हरकत एका ठिकाणी. तुमच्याकडे येणाऱ्यांना आपल्याला बीपी आहे हे ठाऊक असतं. माझ्याकडे चष्म्याचा नंबर काढायला येणाऱ्या किती जणांचं बीपी आयुष्यात पहिल्यांदा पडद्यामुळे पकडलं जातं! त्यांना तुमच्याकडे पाठवणारी चिठ्ठी तिथूनच निघते. ती चिठ्ठी बऱ्याचदा पाकिटातच राहते, ही माझी खरी खंत आहे. रुग्णाला वाटतं, डोळ्याच्या डॉक्टरला बीपीतलं काय कळतं.

फॅमिलीडॉक

हे शंभर टक्के मान्य. चिठ्ठी घेऊन या लोकहो, आम्हाला राग येत नाही.

एक कळकळीची विनंती इथेच करतो. बीपी २०० च्या वर आणि पडद्यावर रक्तस्राव, कापसाचे डाग, मज्जातंतूला सूज असं असेल तर रुग्णाला दाखल करा, पण घरी किंवा दवाखान्यात जिभेखाली कॅप्सूल फोडून दाब धाडकन खाली आणू नका. ही पद्धत आपल्याकडे फार चालायची, अजूनही कुठे कुठे दिसते. अशा माणसाच्या मेंदूला आणि डोळ्याला त्या वाढलेल्या दाबाची सवय झालेली असते. एकदम उतरवला की रक्तपुरवठाच तुटतो. पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, दृष्टी जाऊ शकते. तासागणिक, टप्प्याटप्प्याने उतरवायचा असतो.

काकडआरती

माझा अनुभव लिहितो, वय ७४, मुक्काम सातारा. मधुमेह जुना. वाचायला, गाडी चालवायला कसलीच अडचण नव्हती म्हणून डोळे तपासायची गरज वाटली नाही. मुलीने हट्टाने नेलं तर पडद्यावर नव्या वाहिन्या फुटलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, या कच्च्या असतात, कधीही फुटून डोळ्यात रक्त पसरेल. दोन्ही डोळ्यांना लेसर केलं. आता दर चार महिन्यांनी जातो. पेपर अजून चष्म्याने वाचतो, त्याचं श्रेय मुलीला.

माझा प्रश्न: लेसरनंतर मी साखर एकदम कडक केली, आणि पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले पडद्यावर थोडं वाढलंय. पथ्य केलं तर वाढतं कसं?

भिंग

काका, प्रश्न अगदी नेमका आहे. फार दिवस वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली की पहिले काही महिने पडदा थोडा बिघडू शकतो. अमेरिकेतल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासात टाइप १ च्या रुग्णांमध्ये हे स्पष्ट दिसलं होतं. त्याच अभ्यासात पुढच्या वर्षांत साखर नीट ठेवणाऱ्यांचे डोळे कितीतरी जास्त वाचले, हेही दिसलं. म्हणून पथ्य सोडू नका, त्या काळात तपासणी मात्र जवळजवळच्या अंतराने ठेवा. तुमचे डॉक्टर तेच करताहेत.

मधुमेहात सुरुवात केशवाहिन्यांपासून होते. त्यांच्या भिंतीला बारीक फुगे येतात, मायक्रोॲन्युरिझम. लाल ठिपक्यांएवढे. मग ठिपक्यांसारखे, गोलसर रक्तस्राव, कारण ते पडद्याच्या खोल थरांत होतात. बीपीतले रक्तस्राव वरच्या मज्जातंतूंच्या थरात पसरतात म्हणून ज्योतीच्या आकाराचे दिसतात. रक्त कोणत्या थरात सांडलंय हे आकारावरून कळतं. पिवळे कडक डाग म्हणजे गळलेल्या वाहिन्यांतून साचलेली चरबी आणि प्रथिनं. बीपी फार वाढलेलं असताना तेच दृष्टीच्या मध्यबिंदूभोवती चांदणीसारखे मांडले जातात.

आणि पडद्यावर मधुमेह दिसला की मी लघवीतलं अल्ब्युमिन तपासलंय का हे विचारतोच. डोळा आणि मूत्रपिंड दोन्हीकडच्या बारीक वाहिन्या एकाच वेळी झिजत असतात.

टेम्सकाठी

मी लंडनमध्ये राहते. इथे इंग्लंडमध्ये मधुमेह असलेल्या १२ वर्षांपुढच्या प्रत्येकाला पडद्याच्या फोटोसाठी सरकारी पत्र येतं. ज्यांच्या आधीच्या दोन तपासण्यांत काहीच आढळलं नाही त्यांना आता दोन वर्षांनी बोलावतात, बाकीच्यांना दर वर्षी किंवा त्याहून लवकर. फोटो काढणारा तंत्रज्ञ, पाहणारे वेगळे. डॉक्टरची गाठ गरज पडली तरच. पत्र घरी येतं म्हणून आमचे बाबा जातात, नाहीतर काकडआरती काकांसारखंच, "मला दिसतंय की!"

सह्यकडा

आता हे सगळं एआय करेल असं मला वाटतं. २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी पडद्याच्या नुसत्या फोटोवरून माणसाचं वय, बाई की पुरुष, धूम्रपान करतो की नाही, वरचं बीपी किती, हे सगळं ओळखून दाखवलं. वयाचा अंदाज सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने! बाई की पुरुष हे तर निष्णात डॉक्टरलाही फोटोवरून सांगता येत नाही. हृदयविकाराचा धोका फोटोवरून सांगणारी यंत्रं गल्लोगल्ली आली की डॉक्टरांचं कामच राहणार नाही.

झणझणीत

बाई की पुरुष हे ओळखायला पडदा कशाला, दारातूनच कळतं की.

फॅमिलीडॉक

सह्यकडा, तो अभ्यास मीही वाचलाय आणि थक्क झालो होतो. पण त्यात वरच्या बीपीचा अंदाज सरासरी ११ अंकांनी चुकत होता. माझा बीपी मोजायचा पट्टा त्यापेक्षा स्वस्त आणि नेमका आहे. वय आधार कार्डावर असतं. यंत्राने असं काही सांगावं जे मला पट्ट्याने, वजनकाट्याने आणि रक्ताच्या दोन तपासण्यांनी कळत नाही, मग मी पहिला गिऱ्हाईक.

भिंग

मी मधे उभा आहे. मधुमेहाच्या पडद्यासाठी एआय खरंच उपयोगी आहे. त्याची पडताळणी आपल्याकडे मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयातही झाली आहे. तालुक्याच्या ठिकाणी पडद्याचा डॉक्टर नसतो, तिथे "या रुग्णाला पुढे पाठवा" एवढं यंत्राने सांगितलं तरी कित्येकांची दृष्टी वाचेल. हृदयाच्या धोक्याचं भाकीत मात्र अजून रुग्णाच्या हातात द्यायच्या लायकीचं झालेलं नाही, असं माझं मत आहे. सह्यकडा, तुमचा उत्साह मला आवडतो, फक्त फोटोत न मावणारं बरंच काही असतं. खाली कुणी त्याबद्दल लिहिलं तर बरं.

शेवंती

मी लिहिते. माझ्या बहिणीला विशीत अधूनमधून अंधारी यायची. उठलं की डोळ्यांपुढे काळं व्हायचं, डोकं दुखायचं. अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, परीक्षेचा ताण म्हणून समजूत घालून झाली. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा पाहिला आणि त्यांनी आधी काय केलं असेल तर तिच्या दोन्ही मनगटांच्या नाड्या पाहिल्या. डाव्या हाताची नाडी लागतच नव्हती. दोन्ही हातांच्या बीपीत प्रचंड फरक. पुढे अँजिओग्राफी होऊन निदान झालं, ताकायासू आर्टरायटिस. औषधांवर ती आज ठीक आहे, नोकरी करते. त्या डॉक्टरांचं ऋण आम्ही घरातले कधी विसरणार नाही.

बखर

शेवंती, बहीण बरी आहे वाचून फार बरं वाटलं. मिकितो ताकायासू हे स्वतः जपानमधले डोळ्यांचे डॉक्टर होते. १९०८ साली त्यांनी एका तरुण मुलीच्या पडद्यावर मज्जातंतूच्या तोंडाभोवती वाहिन्यांचं विचित्र कडं पाहिल्याचं मांडलं. त्यांना ते नवल डोळ्यातलं वाटलं. त्यावर इतर डॉक्टरांनी सांगितलं की आपल्याही अशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी नव्हती. महाधमनीचा एवढा मोठा आजार डोळ्याच्या डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो तो असा.

भिंग

शेवंती, धन्यवाद, मला हेच हवं होतं. महाधमनी आणि तिच्या फाट्यांची भिंत सुजून वाट अरुंद होते, डोळ्यापर्यंत रक्त कमी दाबाने पोचतं, आणि उपाशी पडदा वाहिन्यांमध्ये आडवाटा काढतो. आशियात, आपल्याकडेही, हा आजार तरुण स्त्रियांमध्ये जास्त. तरुण मुलीचं बीपी एका हातात लागत नसेल तर मशीन बिघडलंय म्हणून सोडू नये, दुसऱ्या हातात आणि पायातही मोजावं.

याच अंगाने एक खूण: मधुमेह दोन्ही डोळ्यांत साधारण सारखाच दिसतो. एका डोळ्यात खूप रक्तस्राव आणि दुसरा जवळजवळ स्वच्छ असेल तर मी मानेच्या कॅरोटिडचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायला सांगतो. कधी कधी वाट तिथे तुंबलेली असते.

अबोली_पार्ले

डॉपलरवरून आठवलं. माझ्या मोठ्या दिरांना एका डोळ्यापुढे वरून पडदा सरकावा तसं झालं, पाच-दहा मिनिटांत आपोआप गेलं. दुखलं काहीच नाही. ते म्हणतात उन्हाने झालं असेल. काय करावं?

भिंग

अबोलीताई, हे वाचताक्षणी त्यांना घेऊन निघा. डोळ्याच्या दवाखान्यात नको, जिथे न्यूरॉलॉजिस्ट आणि स्कॅनची सोय आहे अशा मोठ्या हॉस्पिटलात. मानेच्या धमनीतल्या थराचा किंवा हृदयातल्या गुठळीचा कण सुटून डोळ्यात अडकला आणि सरकला असं होऊ शकतं. पुढचा कण मेंदूत जाऊ शकतो. या छोट्या झटक्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत धोक्याचे.

अबोली_पार्ले

निघतोय.

फॅमिलीडॉक

थांबून वाचणाऱ्यांसाठी. असा कण पडद्यावर दिसूही शकतो. १९६१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट हॉलेनहॉर्स्ट यांनी धमनीच्या फाट्यावर अडकलेले चकचकीत पिवळे कण वर्णन केले, कोलेस्टेरॉलचे. त्यांच्याच नावाने हॉलेनहॉर्स्ट प्लाक म्हणतात.

आणि एका डोळ्याची दृष्टी अचानक, न दुखता गेली आणि परत आलीच नाही, तर तो डोळ्याचा पक्षाघात आहे, अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२१ मध्ये तसंच म्हटलंय. आपल्या पंजाबातून अमेरिकेत गेलेले सोहनसिंग हायरेह यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवलं की पडद्याची मुख्य धमनी सुमारे दीड तास बंद राहिली तर पडदा सावरतो, आणि ४ तासांनंतर जवळपास काही उरत नाही. म्हणून "उद्या सकाळी दाखवू" चालत नाही. साठीपुढच्या माणसाची कानशिलं दुखत असतील, चावताना जबडा भरून येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. तो धमनीदाहाचा वेगळा आजार, त्यात स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू करावी लागतात, नाहीतर दुसरा डोळाही जातो. आपल्याकडे तो कमी दिसतो म्हणून विसरला जातो.

सह्यकडा

इथे मी गप्प बसून वाचतोय. यंत्राच्या फोटोत "पाच मिनिटं पडदा सरकला होता" हे कुठून येणार, पटलं.

वैनगंगा

मी गडचिरोलीत नर्स आहे. इथे सगळे बीपी-शुगरवर बोलताहेत, मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल लिहिते. आमच्याकडे गोंड, माडिया पोरं, तिकडे नंदुरबारकडे भिल्ल आणि पावरा, कितीतरी घरांत सिकलसेल आहे. वाकड्या झालेल्या लाल पेशी डोळ्याच्या कडेच्या बारीक वाहिन्यांत अडकतात, तिथलं रक्त बंद होतं, मग कडेला नव्या वाहिन्या पंख्यासारख्या फुटतात. मधला भाग चांगला असतो म्हणून पोरगा फळ्यावरचं सगळं वाचतो. मग एक दिवस डोळ्यात रक्त उतरतं.

२०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू आहे, तपासणी होते, कार्डं मिळतात, चांगलं काम आहे. पण त्यात सांध्याच्या दुखण्याबद्दल, तापाबद्दल सगळे विचारतात, डोळ्याबद्दल कोणी विचारत नाही. पोरांची बाहुली मोठी करून कडेपर्यंत पडदा पाहिला पाहिजे, हे माझं म्हणणं आहे.

भिंग

वैनगंगाताई, या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा. त्या पंख्यांना आमच्याकडे सी-फॅन म्हणतात. काही आपोआप सुकतातही, पण कुठला सुकेल आणि कुठला फुटेल हे आधी सांगता येत नाही.

एक भर घालतो, शिक्षकांसाठीही. सिकलसेल असलेल्या, किंवा नुसता वाहक असलेल्या मुलाला डोळ्यावर चेंडू लागून समोरच्या भागात रक्त साचलं तर त्याला साधी दुखापत समजू नका. वाकड्या पेशी डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवतात आणि डोळ्यातल्या थोड्याशा वाढलेल्या दाबानेही मज्जातंतूला इजा होते. डॉक्टरांना कार्ड दाखवाच, कारण डोळ्यातला दाब उतरवायच्या काही नेहमीच्या गोळ्या अशा मुलांना अपायकारक ठरतात.

टेम्सकाठी

अवांतर: फ्लुरेसिन अँजिओग्राफीनंतर (शिरेतून रंग देऊन पडद्याचे फोटो काढतात ती) बाबांनी मला ऑफिसात फोन करून लघवी केशरी झाल्याचं मोठ्या आवाजात कळवलं होतं. स्पीकर चालू होता. ज्यांची होणार आहे त्यांनी घरच्यांना आधी सांगून ठेवा, एक-दोन दिवसांत रंग जातो.

झणझणीत

यापुढे बाबांचा फोन हेडफोनवर.

अबोली_पार्ले

अपडेट. दिरांच्या उजव्या कॅरोटिडमध्ये मोठा अडथळा निघाला. दाखल केलंय, रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली, शस्त्रक्रियेबद्दल व्हॅस्क्युलर सर्जन बोलताहेत. हातपाय, बोलणं सगळं ठीक आहे. भिंग, फॅमिलीडॉक, तुम्हा दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. वहिनींनी नमस्कार सांगितलाय.

शेवंती

बरं झालं गं. काळजी घ्या.

काकडआरती

वहिनींना आमचा आशीर्वाद सांगा. सगळं सुखरूप होईल.

केतकी_ठाणे

माझंही कळवते. सासूबाईंची साखर नॉर्मल, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, लघवीत प्रोटीन आहे. बीपीची दोन औषधं सुरू झाली, मीठ कमी, लोणचं-पापड बंद. यावर घरात मोठी चर्चा झाली. आता बीपी १३५ च्या आसपास आहे. काल पडदा पुन्हा पाहिला, कापसाचा डाग गेलाय, निकिंग तसंच आहे, भिंग यांनी सांगितलं होतं त्याप्रमाणे. मोतीबिंदूची तारीख मिळाली.

मूळ प्रश्न पुन्हा विचारते. माझे मिस्टर ४२ वर्षांचे, बीपी १३८/८८, मधुमेह नाही. त्यांचा पडदा दर वर्षी पाहायचा का?

फॅमिलीडॉक

दर वर्षी नको. आईला मूत्रपिंडापर्यंत पोचलेलं बीपी आहे म्हणून त्यांचं बीपी मात्र घरी नियमित मोजा आणि नोंद ठेवा. ते १६० कडे गेलं, मधुमेह निघाला किंवा नजरेत काही फरक जाणवला तर पडदा पाहायचा.

भिंग

मी फक्त एवढं जोडेन की चाळिशी ओलांडलीच आहे, जवळचा चष्मा लागणारच. नंबर काढायला जातील तेव्हा एकदा थेंब घालून पडदा पाहून घ्या आणि जमल्यास फोटो काढून जपून ठेवा. पुढे कधी शंका आली तर "पूर्वी कसा होता" हे पाहायला मिळणं फार मोलाचं असतं. मधुमेह असलेल्यांना मात्र सूट नाही: टाइप २ मध्ये निदान झालं त्या वर्षीच, टाइप १ मध्ये पाच वर्षांच्या आत, आणि मधुमेह असताना दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांत.

थेंब घातल्यावर चार-सहा तास धूसर दिसतं, स्कूटर चालवत जाऊ नका, सोबत कुणाला तरी न्या.

वैनगंगा

भिंग सर, एक विचारते. आमच्याकडे एका संस्थेने हातात धरायचा फंडस कॅमेरा (पडद्याचे फोटो काढणारा) देऊ केलाय. त्यावर सिकलसेलच्या पोरांची तपासणी करता येईल का?

भिंग

मधुमेहाच्या तपासणीला चालेल. सिकलसेलला पुरणार नाही, कारण त्या कॅमेऱ्यात मधला भागच येतो आणि तुमच्या पोरांचा आजार कडेला असतो. डोक्याला बांधायचा इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप आणि २० डायॉप्टरची लेन्स लागते, आणि पाहणारा माणूस. दोन्ही माझ्याकडे आहे, एक ज्युनिअरही सोबत आणतो. तुम्ही कार्ड असलेल्या पोरांची यादी करा, थेंब घालायला दोन जणी हव्यात, आणि अंधार करता येईल अशी एक खोली. गावं कोणती आणि कधी, ते सांगा.

वैनगंगा

खोली आश्रमशाळेत मिळेल. दिवाळीनंतर, धानाची कापणी आटोपली की ठेवू, तेव्हा आईबाप पोरांसोबत येऊ शकतात. सात वर्षांपुढच्यांची यादी करून व्यक्तिगत निरोपातून पाठवते.

फॅमिलीडॉक

मीही येतो, बीपीचे पट्टे घेऊन. आईबापांचंही मोजून होईल.